गजभियेकाकांचं रात्रीचं विमान

नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या गल्लीतून कुणाला मुलाबाळांसकट परदेशी जायचं असेल, तर आधी पासपोर्ट लागतो, मग व्हिसा लागतो आणि शेवटी गजभियेकाकांच्या हॉलमध्ये एकदा बसून दाखवावं लागतं. पहिल्या दोन गोष्टी एजंट करून देतो. तिसरीतून सुटका नाही. विमान रात्रीचं आहे एवढं काकांच्या कानावर गेलं की संध्याकाळी ते तुमच्या फाटकाशी हजर.

"उद्या लेकरं घेऊन या वं. ट्रायल घेऊ."

ट्रायल म्हणजे अशी. हॉलमधला सोफा भिंतीला लावायचा. मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या दोन रांगांत अशा मांडायच्या, की पुढच्या खुर्चीची पाठ मागच्याच्या गुडघ्याला टेकली पाहिजे. खिडक्या बंद, ट्यूबलाइट बंद. आणि कोपऱ्यातला कूलर पाण्याशिवाय चालू करायचा. कोरडा कूलर हुबेहूब विमानासारखा वाजतो, असं काकांचं ठाम मत आहे. मग स्टीलचं ताट घेऊन ते स्वतः दोन रांगांमधून आडवे आडवे येतात आणि विचारतात, "व्हेज का नॉनव्हेज?" काहीही सांगा, वरणभातच मिळतो.

काका स्वतः विमानात कधीही बसलेले नाहीत. काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून डॉक्टरांनी त्यांना लांबचा प्रवास बंद केलाय, आणि काकूंना सोडून काका पारशिवनीला भावाकडेसुद्धा मुक्कामाला जात नाहीत. विमानाचा जो काही अभ्यास आहे तो विमानतळाच्या बाहेर उभं राहून आणि परत आलेल्यांना गाठून केलेला. मुलगा राहुल मेलबर्नला असतो. तो बायको आणि लहानग्या मुलाला घेऊन एकदाच आला. त्यानंतर दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' आहे.

पण रात्रीचा मात्र काकांना खराखुरा अनुभव. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते कामाला होते आणि बहुतेक नोकरी त्यांनी रात्रपाळीत काढली, तीही मागून घेऊन. रिटायर झाले, कंपनीची बस यायची बंद झाली, पण शरीर काही दिवसपाळीत आलं नाही. सगळी गल्ली झोपली की काका कंपाउंडला हात टेकून उभे असतात. कुत्री त्यांच्यावर भुंकत नाहीत, सहकारी समजतात. "रात्रीले भ्याचं नाही, तिले कामाले लावाचं," हे त्यांचं पालुपद. ते परीक्षेला बसलेल्या मुलांना चालतं, बाळंतिणीला चालतं आणि एकदा तर आमच्या समोरच्यांची स्लॅब रात्री टाकत होते तेव्हा गवंड्यालाही ऐकावं लागलं होतं.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचं सिंगापूर ठरलं. संध्याकाळी नागपूरहून मुंबई, तिथून रात्रभराचं विमान. दिया सात वर्षांची, निहार दोन वर्षांचा. मी ही गोष्ट गल्लीत कुणाला सांगायची नाही असं ठरवलं होतं. नवऱ्याने, प्रशांतने, ती पानठेल्यावर सांगितली. पुढचं सांगायला नकोच.

काकांनी आधी शिफ्ट बदलायला घेतली. कारखान्यात पाळी बदलायच्या आधी माणूस झोपेची वेळ थोडी थोडी पुढे सरकवतो, तशी मुलांची सरकवायची, म्हणजे विमान उडाल्यावरच त्यांचा डोळा लागेल. मी हो म्हटलं, हेच चुकलं. चार दिवसांत घराची अशी दशा झाली, की मुलं अर्ध्या रात्री पलंगावर उड्या मारत होती, प्रशांत ऑफिसात पेंगत होता आणि दियाच्या बाईंनी डायरीत 'मुलगी वर्गात झोपते' असं लिहून पाठवलं. मी ती डायरी काकांसमोर धरली. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि खूश झाले.

"म्हंजे बसून राहिली ना शिफ्ट," ते म्हणाले.

खाण्यापिण्याचे नियम वेगळे. भरल्या पोटी लेकरू कुरकुरतं, उपाशी पोटी रडतं, म्हणून अर्ध्या पोटी विमानात चढवायचं. गोड बंद, कारण "साखर म्हंजे डबल ड्युटी." आणि विमान चढता-उतरताना मुलांना फुटाणे द्यायचे. "कान बंद झाले का तोंड चालू ठेवाचं." निहार फुटाणे नाकात घालतो, असं मी म्हटलं. काका विचारात पडले. मग म्हणाले, "त्याले मुरमुरे."

ट्रायलच्या संध्याकाळी आम्ही चौघं खुर्च्यांवर बसलो. कूलर घोंघावत होता. वरणभात झाला. दिया खिदळत होती, निहार माझ्या मांडीवर वळवळत होता आणि आता संपेल म्हणेस्तोवर काका आमच्या पुढच्या खुर्चीत जाऊन बसले. डोक्यावरून चादर घेतली. निहारने नेमकं भोकाड पसरलं, तशी चादर झटकन खाली आली आणि काका वळले. तो चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"ए बाई," ते हिंदीत गुरकावले, "बच्चे को चुप करा. संभालना नहीं आता तो लाते क्यों हो?"

निहार गप्पच झाला. दियाही. मला तर खरोखरच अपमान झाल्यासारखं वाटलं, डोळ्यांत पाणीच आलं. काकांनी लगेच चादर घडी करून बाजूला ठेवली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "असा एक तरी राह्यतेच विमानात. त्याच्याकडं पाहाचंच नाही. तो बोल्ला म्हणून आपण रडाचं नाही. लेकरू रडते, तो त्याचा धंदा हाय. माय रडली का मंग कामच खल्लास."

मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत काकूंकडे गेले. काकू भांडी आवरत होत्या. त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "घाबरू नको वं. सगळ्यायलेच बोलतेत तसे."

"पण हे कुठून शिकले?"

काकूंनी सांगितलं ते असं. राहुल आला होता तेव्हा नातू, आरव, विमानात रात्रभर रडला. पुढचा माणूस हेच शब्द बोलला. सून पहिल्यांदाच एवढ्या लांब लेकरू घेऊन निघालेली. ती रडली ती नागपूरला उतरेपर्यंत रडतच होती. इथे आल्यावर मुलाला ताप. महिनाभर राहायला आलेली माणसं दहाव्या दिवशी परत गेली. तेव्हापासून राहुलला केव्हाही विचारा, तो म्हणतो, बाबा, रात्रीचं विमान आरवला झेपत नाही, थोडा मोठा होऊ दे.

"म्हणून यांचं हे सुरू झालं," काकू म्हणाल्या. "कोणाचं लेकरू झोपून गेलं का लगेच राहुलले फोन. बाप्पा, अमक्याचं पोरगं झोपलं, तू ये."

हॉलमधून काकांचा आवाज येत होता. ते दियाला सीटबेल्ट म्हणून ओढणी बांधून दाखवत होते. मला एकाएकी त्या खुर्च्यांची, त्या कोरड्या कूलरची फार कीव आली, आणि आपण मघाशी घड्याळाकडे पाहत होतो याचा राग आला. मी परत जाऊन बसले आणि अख्खी ट्रायल पुन्हा घ्यायला लावली. प्रशांतला वाटलं मलाही लागण झाली.

आता खरं विमान. अर्ध्या पोटाचा नियम मुंबई विमानतळावरच मोडला, कारण दियाने आइस्क्रीम पाहिलं. मुरमुरे निहारने शेजारच्या गृहस्थांच्या बुटात टाकले. विमान उडालं, दिवे मालवले आणि निहारने जो सूर लावला तो समुद्र अर्धा ओलांडेपर्यंत सोडला नाही. दिया टक्क जागी. प्रशांत मात्र गाढ झोपला, शिफ्ट त्यालाच बसली होती. पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ वळून काहीतरी पुटपुटले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. रडले नाही. निहारला खांद्यावर घेऊन मागच्या बाजूला उभी राहिले, आणि काय सांगू, मला त्या रात्रीची भीती वाटली नाही. लेकराचा धंदा लेकरू करत होतं.

सुटी छान झाली. परत आलो तेव्हा काका फाटकाशीच होते. येतानाचं विमानही रात्रीचंच, तिथेही तोच तमाशा झालेला. बॅगा घरात जायच्या आधी त्यांनी आम्हाला हॉलमध्ये बसवलं. खिशातला मोबाइल हातात काढून ठेवला होता.

"बोला. झोपले लेकरं?"

मी प्रशांतकडे पाहिलं. तेवढ्यात दिया म्हणाली, "नाही आजोबा. निहार खूप रडला. जातानापण, येतानापण."

काकांनी मोबाइल परत खिशात ठेवला. "जेवणाच्या आधी रडला का मंग?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधीही आणि नंतरही. ते मान हलवत राहिले. मला राहवेना. इतके दिवस मनात होतं ते हळूच बोलले, की काका, मुलं रडतात म्हणून कुणी आईबापांकडे यायचं थांबत नाही हो. नोकरी असते, रजा नसतात, संसार असतो. राहुलचं कारण कदाचित वेगळं असेल.

काकू चहा घेऊन दारात थांबल्या. मला वाटलं आता काका चिडतील. ते चिडले नाहीत.

"मले समजत नाही का पोरी?" ते म्हणाले. "पण त्यानं हे कारण देल्लं. याच्यावर मले काही तरी कराले येते. मन लागत नाही म्हणला असता, इकडं याची इच्छाच नाही म्हणला असता, तं म्या काय केलं असतं, सांग बरं."

निहार माझ्या कडेवरून उतरून त्यांच्या गुडघ्याशी गेला होता. रात्रभराचं जागरण अंगात होतं. काकांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं, तशी त्याने त्यांच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं आणि बघता बघता झोपला. तोंड उघडं टाकून, बिनघोर.

काकूंनी कप पुढे केला. काकांनी मानेनेच नको म्हटलं. ते अजिबात हलत नव्हते.

"आमचाबी एवढाच होता, आला होता तेव्हा," ते हळू आवाजात म्हणाले. "आता आला तरी मांडीवर नाही मावाचा."