हिरवं पाकीट आणि पेइयूचा फिल्टर

"फिल्टर निम्मा करून दाखवते," असं पेइयू भर बैठकीत बोलून गेली. तैवानमधल्या ताओयुआनच्या त्या चार्जरच्या कारखान्यात सगळ्यांच्या माना मुख्य इंजिनियर कुओसाहेबांकडे वळल्या, कारण जुना, विटेएवढा फिल्टर खुद्द त्यांचा होता.

चार्जरमधलं वीज नीट वळणानं घेणारं सर्किट तारांमधून भलताच विद्युत गोंगाट परत सोडतं. तो अडवायला फिल्टर लागतो. पेइयूची शक्कल साधी होती. गोंगाटाची मोजणी दीडशे किलोहर्ट्झपासून सुरू होते, म्हणून तिनं सर्किटचा ताल त्याच्या जरा खाली ठेवला. मूळ गोंगाट हिशेबाबाहेर, अडवायची फक्त त्याच्या वरच्या पटींची पिलावळ!

चाचणीत गोंगाटाचा आलेख मर्यादा ओलांडून वर गेला.

"आता फिल्टर माझाच बसेल," कुओसाहेब म्हणाले, "आणि तू पुढची दोन वर्षं केबल्स मोजशील."

"थांबा साहेब," चाचणीवाले आ-शेंगदादा म्हणाले. "मशीन रुसलंय." सर्किटच्या प्लास्टिकच्या झाकणावर त्यांनी खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतंच, कारखान्यातल्या प्रत्येक मशीनवर असतं तसं, गुणी वागावं म्हणून. त्याच्याशेजारी त्यांनी आणखी दोन मांडली.

आलेख आणखी चढला.

"अजून आणू का?"

"नको दादा," पेइयू म्हणाली. तिला एका पाकिटाच्या फाटक्या कोपऱ्यातून आतल्या धातूच्या अस्तराची चंदेरी चकाकी दिसली होती. गोंगाट त्या चकाकीवरून उडी मारून फिल्टरच्या पलीकडे, थेट तारेत उतरत होता! तिनं तिन्ही पाकिटं उचलली.

"अगं, काढू नकोस. पेटेल ते!"

"बटण दाबा."

आलेख मर्यादेच्या बराच खाली येऊन बसला. कुओसाहेबांनी पुन्हा मोजायला लावलं, मग आणखी एकदा. शेवटी त्यांनी आपली वीट कपाटात ठेवली. "तुझाच फिल्टर जाईल," ते म्हणाले. पेइयूला नाचावंसं वाटलं.

तिनं चंदेरी अस्तराचं सगळं गणित फळ्यावर मांडलं. दोघांनी मन लावून ऐकलं. मग आ-शेंगदादांनी पाकीट उलटं करून पाहिलं.

"तरीच. तारीख कालच उलटलीये. शिळ्या खाऊवर मशीन रुसणारच."

"हे आधी बघायला नको?" कुओसाहेब म्हणाले, आणि दोघांचंही पूर्ण समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी पेइयूनं स्वतःच नवं पाकीट आणलं. फिल्टरपासून चांगलं हातभर लांब ठेवलं. तारीख मात्र दोनदा बघून.