काचेशी भांडायचं नाही

थंडी सुरू झाली की आमचे दिलीपकाका पहाटे सहाला खाली उतरतात आणि गल्लीतल्या एकेका गाडीच्या काचेला उलटा हात लावून बघतात, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. सव्वासहाला गल्लीतल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचं बुलेटिन येतं: 'काचेवर बर्फ धरला आहे. दहा मिनिटं आधी निघा. गरम पाणी ओतू नका, कोमटसुद्धा नको. तडकते. काचेशी भांडायचं नाही.'

नेदरलँड्समधल्या हार्लेम गावच्या आमच्या या गल्लीत मराठी घरं चार, आणि चारही घरांना हे बुलेटिन पाठ आहे. मला तर अगदी नको नको झालंय. हिवाळ्यात इथे साडेआठपर्यंत धड उजाडत नाही. त्यात डबे, त्यात लेकीचा हरवलेला हातमोजा, त्यात गाडीवरचा बर्फ, आणि त्यात बाजूला उभं राहून 'वरून खाली, मृणाल, वरून खाली, आडवं नको' म्हणणारा माणूस. जीव मेटाकुटीला येतो.

काका ठाण्याला बँकेत होते. सुनंदाकाकू शास्त्रज्ञ. त्यांना लायडनला संशोधनाची नोकरी मिळाली तेव्हा काकांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि बायकोच्या व्हिसावर इकडे आले. त्याला आता चार वर्षं झाली. 'मी डिपेंडंट,' असं ते नव्या माणसाला सांगतात, एखादी पदवी सांगावी तशा थाटात. ठाण्यात त्यांनी पंचवीस वर्षं गाडी चालवली, पण इथलं लायसन्स काही मिळेना. चारदा परीक्षा दिली. एकदा तर सायकलवाल्यांना वाट देता देता वेळच संपली. परीक्षक म्हणाला म्हणे, 'तुम्ही फार सज्जन गृहस्थ आहात, पण गाडी पुढे जायला हवी.'

त्यामुळे चालवणं सोडून गाडीचं बाकी सगळं काकांकडे. 'गाडी तिची, बर्फ माझा,' असा त्यांच्यातला करार. काच झाकायला जुनी सोलापुरी चादर, बर्फ खरवडायला डोशाचं लाकडी उलथनं, पायाखाली टाकायला जाडं मीठ. काकू येतात, 'दिलीप, बाजूला हो' म्हणतात आणि भुर्रकन निघून जातात. काका गाडी वळेपर्यंत उभे राहतात.

दुसऱ्यांच्या गाड्या लावून देणं हीसुद्धा त्यांचीच जबाबदारी, कोणी दिलेली नसली तरी. आमच्या गाड्या कालव्याच्या काठाला लागतात. काठाला आधार म्हणून एक ठेंगणा लोखंडी दांडा, बस. कोणी गाडी मागे घ्यायला लागलं की काका हजर. 'येऊ दे... येऊ दे... माझ्याकडे बघ, आरशात नको बघूस.' गेल्या वर्षी त्यांच्या 'येऊ दे'वर भिस्त ठेवून मी आले. 'बास' म्हणाले ते अगदी वेळेवर, मी ब्रेकही दाबला, पण गाडी आपली बर्फावर सरकतच राहिली. मागचं चाक दांड्याला जाऊन टेकलं तेव्हा थांबली. काका डोकावून बघत म्हणाले, 'सरळ लागली हो मात्र.'

यंदा जानेवारीत काकूंची गाडी हायवेवर घसरली, गोल फिरली आणि बाजूच्या गवतात जाऊन बसली. काकूंना खरचटलंसुद्धा नाही. त्यांनीच ते आम्हाला हसत हसत सांगितलं, हात गोल फिरवून दाखवला. काका शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, आणि काका काही बोलले नाहीत हे मला जरा चमत्कारिकच वाटलं.

पुढच्याच आठवड्यात हवामान खात्याचा कोड रेड आला. पाऊस पडणार होता आणि जमिनीला टेकला की गोठणार होता. शाळा बंद, ट्रेन बंद, सगळ्यांनी घरी बसा. काकांनी ग्रुपवर लिहिलं: 'उद्या कोणीही गाडी काढू नये.' त्याखाली काकूंचा मेसेज: 'मला जावंच लागेल. पेशींना खायला घालायचंय.' प्रयोगशाळेत त्या कसल्याशा पेशी वाढवतात. त्यांचा एक दिवसही चुकवून चालत नाही म्हणे.

सकाळी मी खिडकीत कॉफी घेऊन उभी होते. काका किटली घेऊन खाली आले. किटलीतून वाफ निघत होती. मला वाटलं, काकूंना वाटेत प्यायला चहा असेल. त्यांनी चादर काढली, नीट घडी घातली, आणि किटली काचेवर ओतली. वरच्या मजल्यापर्यंत आवाज आला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काच तडकली.

काकू धावत खाली आल्या. 'दिलीप, अरे काय केलंस?'

'विसरलो,' काका म्हणाले.

काकूंना शेवटी लॅबजवळ राहणाऱ्या एका सहकाऱ्याला फोन करावा लागला. तो चालत जाऊन पेशींना जेवू घालून आला.

आणि ग्रुपवर तीन दिवस दिवाळी झाली. 'काका, अखेर भांडलात वाटतं.' 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान.' कोणी त्यांचीच जुनी बुलेटिनं शोधून त्यांनाच पाठवली. खोटं कशाला बोलू, त्यात मीही होते. चार हिवाळे ऐकून घेतलेलं सगळं वसूल करत होते. काका सगळ्यांना हात जोडल्याची खूण पाठवत राहिले.

नवी काच बसली, रस्ते मोकळे झाले, काकू पुन्हा जायला लागल्या. त्या सुमारास सकाळी मी तिळगूळ द्यायला गेले. काका एकटेच टेबलाशी बसले होते. समोर चहा, त्यावर बशी झाकलेली, शेजारी फोन.

'काका, चहा गार होतोय.'

'पोहोचल्याचा मेसेज आला की घेतो.'

मला राहवलं नाही. म्हटलं, 'किटलीतला आहे का?'

ते हसले नाहीत. 'चार वर्षं सगळ्या गल्लीला सांगतोय, मृणाल. मी विसरेन का गं?'

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

'जाऊ नको म्हटलं मी तिला. तर म्हणाली, पेशी मरतील. मी म्हटलं, आणि तुला काही झालं तर मी काय करू? तर हसली.' त्यांनी बशी उगाच सरळ केली. 'ठाण्यात घरातून निघालो की स्टेशनपर्यंत दहा जण हाक मारायचे. इथे मला ती एकटीच आहे. भीती वाटते गं. मग हातात किटली होती तेवढंच सुचलं.'

'काकूंना सांगितलंत?'

'छे. तिला वाटू दे वेंधळा आहे म्हणून. खरं कळलं तर पुढच्या वेळी माझं ऐकून घरी थांबेल, आणि मग तिला वाईट वाटत राहील.'

फोन वाजला. त्यांनी मेसेज वाचला, बशी काढली आणि गार चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला. गरम करून देते म्हटलं तर नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी गाडी बंद केली आणि फोन काढला. ग्रुपवर नाही, त्यांना एकट्यांना लिहिलं: 'काका, पोहोचले.'

लगेच उत्तर आलं. 'बरं झालं. सांगत जा.'