सासऱ्यांच्या हाती घुबड

सासऱ्यांना विरंगुळा म्हणून जावईबापूंनी कचेरीतला एक गठ्ठा घरी आणला, एवढंच झालं. (पुढचं सगळं त्या 'एवढंच'मधून निघालं.)

सासरे म्हणजे निवृत्त मास्तर. लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून सहा वर्षं रुसले होते, ते या सोमवारी पहिल्यांदा तिच्या घरी आले. आले ते कोचाच्या टोकाला बसले आणि जेवणखाण सोडलं तर तिथून हलेनात. बोलणं नाही, पेपर नाही. रोज सकाळी फक्त एक वाक्य, "उद्या निघावं म्हणतो." ते ऐकलं की लेकीचा चेहरा उतरायचा.

"अहो, त्यांना काहीतरी काम द्या ना," ती शेवटी म्हणाली. "आता गेले तर पुन्हा यायचे नाहीत."

जावईबापू नोकरीला होते शब्दकोशाच्या कचेरीत, आणि तिथं काम म्हणजे कार्डं. एकेका कार्डावर एकेक शब्द, त्याचा अर्थ आणि खाली दाखला: कोण म्हणालं, कुणाविषयी, कधी. मनानं रचलेलं वाक्य चालत नाही, माणसाच्या तोंडून खरोखर निघालेलंच हवं. त्यामुळे त्या कचेरीत कुणी जांभई देताना काही पुटपुटलं तरी शेजारचा पेन काढतो. सध्या तिथं पक्ष्यांच्या नावांच्या शिव्या चालू होत्या. तोच गठ्ठा जावईबापूंनी मास्तरांपुढे ठेवला, आणि लागली तर असावीत म्हणून थोडी कोरी कार्डं टेबलावर पेपरवेटखाली. "बाबा, जरा तपासून द्याल?"

मास्तरांनी चष्मा पुसला, लाल पेन मागितलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा ताठ बसले. स्वयंपाकघराच्या दारातून बघणाऱ्या लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. जावईबापूंना स्वतःचा इतका अभिमान वाटला की त्यांनी दुसरा चहा मागितला.

तो घशाखाली उतरत असतानाच त्यांना आठवलं. मंगळवारी ते कचेरीतल्या टंकलेखिकेला म्हणाले होते, "सासरे आलेत. दिवसभर कोचावर घुबडासारखे बसून असतात." त्या बाईनं हातातलं काम टाकून तिथल्या तिथं कार्ड लिहिलं होतं. घुबड: मठ्ठ माणूस. बोलणारा: जावई. कुणाविषयी: सासरे. (वर यांनी त्यावर सही ठोकली होती. हौसेनं.)

"बाबा, कुठवर आलात?" त्यांनी विचारलं. आवाज जरा चिरकाच निघाला.

"कावळ्यावर."

म्हणजे घुबडाच्या आधी उरली कोंबडी आणि गिधाड. जावईबापू बसले, उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"चहा निवतोय, बाबा."

"निवू दे."

"त्या कोंबडीत माझी एक चूक राहिलीय. इकडे द्या, नीट करतो."

"तीन होत्या. केल्या मी."

लाल पेन गिधाडाकडे वळलं. तेव्हा जावईबापूंना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी पंखा एकदम पाचावर केला. कार्डं घरभर उडाली. "असू दे, असू दे, मी गोळा करतो," म्हणत ते कोचाखाली शिरले, डोकं आपटलं, हाताला लागलेल्या कार्डावर अंधारात 'ग' होता की 'घ' हे बघायचीही सवड नव्हती. त्यांनी ते खिशात कोंबलं आणि अंगभर धूळ घेऊन बाहेर आले.

मास्तरांनी पंखा बंद केला, कार्डं क्रमानं लावली आणि मोजली. "एकेचाळीस होती. चाळीस भरतायत."

"एखादं चालतं, बाबा."

"मला नाही चालत."

"अहो, तुमच्या खिशातून काय डोकावतंय?" बायकोनं विचारलं आणि स्वतःच काढूनही घेतलं. ते गिधाड होतं. घुबड मास्तरांच्या हातात होतं.

मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं, सहीसकट. लेकीनं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांना परत कोचाखाली जावंसं वाटलं.

"घुबडाला लोक मठ्ठ का म्हणतात, ठाऊक आहे?" मास्तर सावकाश म्हणाले. "मला वाटतं, ते दिवसा बाहेर दिसलं की बारके पक्षी कलकलाट करून त्याच्या मागे लागतात. ते बिचारं अंग चोरून गप्प बसतं, आणि बघणारा म्हणतो, काय मठ्ठ आहे." त्यांनी चष्मा काढला. "मीही तसाच बसलो होतो. या घरात कुठं बसलं म्हणजे कुणाच्या आड येणार नाही, ते कळेना मला."

जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो, बाबा. तुमच्याशी बोलायला मलाच भीती वाटत होती. जाऊ नका."

"जातो कसला? काम अर्धवट टाकून?" मास्तरांनी कार्डावर लाल अक्षरात 'मान्य' लिहिलं. "दाखला अस्सल आहे. पण एकट्या सासऱ्यावर एवढा अर्थ कसा पेलणार? आणखी एक माणूस हवा." आणि लेकीकडे वळून म्हणाले, "तू फोनवर आईला नवऱ्याविषयी काय काय सांगायचीस गं, सहा वर्षं?"

लेकीनं डोळे पुसले, टेबलावरचं कोरं कार्ड ओढलं आणि खाली मान घालून लिहायला बसली. पहिलं भरलं. दुसरं भरलं. मग मान वर न करताच तिनं विचारलं, "अहो, ही एवढीच कार्डं आणलीत का?"