टोक गेलं कुठे?

कट्कन आवाज झाला आणि सूनबाईचे पाय पायडलवर जागच्या जागी थिजले. सुई मोडली होती. सुई मोडण्याचं एवढं काही नाही, शिवणाऱ्या हाताखाली सुया मोडायच्याच. पण वरचा तुकडा मशीनमध्ये होता आणि टोक कुठेच नव्हतं. समोर होता तो गुलाबी, घेरदार, चुण्याच चुण्यांचा फ्रॉक. नणंदेची चिमी संध्याकाळी शाळेच्या स्टेजवर याच फ्रॉकमध्ये गिरक्या घेणार होती.

"देवा, टोक सापडू दे. आठवडाभर चहा सोडते," सूनबाई पुटपुटली आणि जमिनीवर ओणवी झाली.

मशीन सासूबाईंचं. जुनं, काळं, दणकट. त्यावर कोणीही शिवावं, त्यांची ना नसे. फक्त खणातल्या पत्र्याच्या डब्याला हात लावायचा नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांना 'का' विचारायची घरात कोणाची छाती नव्हती. आज त्या मुलाला घेऊन आपले गुडघे दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या. एवढ्या झालरीच्या चुण्या हाताने घालायच्या तर संध्याकाळ उलटून गेली असती. म्हणून सूनबाईने मनाचा हिय्या करून डबा उघडला. आत चिंध्यांत गुंडाळलेले, सुईखाली कापड दाबून धरायचे मशीनचे तऱ्हेतऱ्हेचे पाय होते. एक काठ दुमडायचा, एक गोट लावायचा, आणि अगदी तळाशी खेकड्यासारख्या नांग्या पसरून बसलेला चुण्या पाडायचा पाय. मोबाइलवर एका बाईंनी तो लावून दाखवला होता. स्क्रू आवळा आणि आधी चाक हाताने फिरवून सुई कुठे अडत नाही ना बघा, असंही त्यांनी बजावलं होतं. सूनबाईने स्क्रू आवळला. चाक फिरवायचं राहिलं, कारण दोन टाके घालताच चुण्या अशा सुरेख पडायला लागल्या की ती हुरळलीच. तिने पायडल जोरात मारलं, आणि कट्!

जमीन झाली, चटई झाडून झाली. फ्रिजवरचं चुंबकाचं बदक आणून झालरीवरून फिरवून झालं. बदकाला काही चिकटलं नाही. सूनबाईने चहाबरोबर साखरही सोडली. शेवटी तिने चुणी न् चुणी आपल्या गालावरून ओढायला सुरुवात केली. टोचलं तर आपल्याला टोचू दे, पोरीला नको.

"अगं, फ्रॉकचे मुके काय घेतेयस?" दारात नणंद उभी, बाजूला चिमी. "झाला ना? चिमे, हात वर कर, घालून बघू."

चिमीने हात वर केले.

"नको!" सूनबाई अशी ओरडली की चिमीने हात आणखी वर केले. "ओला आहे, ताई!"

"ओला? आत्ता तर तुझ्या गालाला होता."

"गालाला लावूनच कळलं ना!" असं म्हणून सूनबाईने फ्रॉक उचलला, न्हाणीघरात नेला आणि बोललेलं खरं करण्यासाठी बादलीत बुचकळला. टोक असलंच तर पाण्यात निघेल, अशीही वेडी आशा होती. पाण्यात गुलाबी रंग तेवढा निघाला.

"तू बरी आहेस ना?" नणंदेने हळूच विचारलं. "तासाभरात निघायचंय गं!"

एवढ्यात जिन्यात काठी वाजली. सासूबाई आत आल्या, मागे औषधांची पिशवी घेऊन त्यांचा बाळ. हा बाळ पस्तिशीचा, डोक्यावर विरळ, पोटाला भरघोस. सासूबाईंची नजर सरळ मशीनवर गेली. तिथे नांग्या पसरलेला तो पाय अजून तसाच लटकत होता.

"डबा कोणी उघडला?"

सूनबाई पुढे झाली. "मी, आई. सुई मोडली. टोक सापडत नाही. फ्रॉकमध्ये असेल तर..." पुढे तिला रडूच फुटलं.

सासूबाई रागावल्या नाहीत. त्या मटकन खुर्चीत बसल्या. चेहरा पांढराफटक.

"तुझंही गेलं?" त्या म्हणाल्या.

"तुझंही म्हणजे?" नणंदेचे डोळे विस्फारले.

"याच पायाने बाळाच्या मलमलीच्या झबल्याला झालर लावत होते. सुई मोडलेली कळली तेव्हा झबलं त्याच्या अंगात होतं. किती शोधलं! तेव्हापासून जीव टांगणीला आहे माझा."

"म्हणून हा साधा शिंकला तरी एक्स-रे!" नणंद म्हणाली.

"आई!" बाळने हाक मारली. कोणी लक्ष दिलं नाही.

"हा पाय कधी उघडून बघितलात का, आई?" सूनबाईने डोळे पुसत विचारलं.

"छे गं. भीतीने परत हातसुद्धा लावला नाही."

सूनबाईने पेचकस घेतला. पाय सोडवून तिने त्याच्या दोन पोलादी पट्ट्या हलकेच फाकवल्या, तळहातावर आपटल्या. टुपकन एक टोक पडलं. चकचकीत. मोडक्या सुईला लावून बघितलं, नेमकं जुळलं. मग दुसरं पडलं. गंजलेलं.

"सापडलं गं बाई!" नणंदेने आईला मिठी मारली. सासूबाईंनी देवाला हात जोडले आणि कित्येक वर्षांचा श्वास सोडला. चिमी आपण होऊन फ्रॉक पिळायला पळाली, सूनबाईने इस्त्री लावली. "मी पण आहे इथे," बाळ म्हणाला, पण आज तोही हसत होता.

सासूबाईंनी गंजकं टोक उचललं, चष्मा सारखा केला, उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरलं.

"काय झालं, आई?"

"हे जाड सुईचं आहे."

"मग?"

"मलमलीला जाड सुई कोण लावतं? माझी अगदी बारीक होती." सासूबाईंचा आवाज खोल गेला. "मशीन आम्ही जुनंच घेतलं होतं. हे आधीच्या बाईंचं असणार."

इस्त्री सूनबाईच्या हातात तशीच राहिली. नणंद वळली. तिघींच्याही नजरा हळूहळू बाळकडे गेल्या. तो खुर्चीत बसायला निघाला होता, तो अर्ध्यातच अवघडून थांबला.

"आई," तो बारीक आवाजात म्हणाला, "मला इथे डाव्या बाजूला आत्ताच काहीतरी टोचलं."

"बाळ," सासूबाई काठी शोधत म्हणाल्या, "जागचा हलू नकोस."