ओपन किचनची पंगत

"यात अवघड काय आहे?"

अजिनाथने हे वाक्य टाकलं तेव्हा तो सोफ्यावर आडवा होता आणि समोर टीव्ही चालू होता. टीव्हीवर एक परदेशी जोडपं पडकं घर विकत घेत होतं. नवऱ्याने हातोडा उगारला, एका दणक्यात स्वयंपाकघराची भिंत आडवी केली आणि जाहिरात लागली. जाहिरात संपते तो राडारोडा गायब, फरशी चकाचक, आणि दोघं नव्या ओट्याशी कॉफी पीत उभे! कॉफी संपायच्या आत घर भरघोस नफ्यात विकलंसुद्धा गेलं.

अजिनाथ सोलापुरात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलं फाडायचा. हातोडा त्याने आयुष्यात एकदाच हातात घेतला होता, तोही दुसऱ्याला देण्यासाठी. पण टीव्हीसमोर काढलेले दोन महिने म्हणजे इंजिनिअरिंगची पदवीच, असं त्याचं ठाम मत होतं.

"जुनं घर घ्यायचं, नवं करायचं, विकून मोकळं व्हायचं!" त्याने बायकोला, प्रियंकाला सांगितलं.

"आणि पैसे कोण देणार?"

"मामा देतील की!"

मामा म्हणजे प्रियंकाचे वडील, होटगीचे धुळाप्पा. त्यांची सगळी पुंजी चार पायांवर चालायची. जावयाने चार संध्याकाळी डोकं खाल्ल्यावर त्यांनी निम्मा कळप विकला आणि पैसे जावयाच्या हातात ठेवले.

"जावईबापू, माजी निम्मी मेंढरं तुमच्या हवाली केल्यात," ते म्हणाले. "दिवाळीपतुर घर इकलं तर बेस. न्हाय इकलं, तर हापिस सोडायचं, काठी घ्यायची आन उरलेली मेंढरं तुमीच राखायची. माजं गुडघं गेल्यात आता."

अजिनाथ मोठ्याने हसला. धुळाप्पा हसले नाहीत.

जोडभावी पेठेत एक जुनं घर मिळालं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत बघताच अजिनाथचे हात शिवशिवले. रविवारी गॉगल लावून, बायकोला मोबाईलवर शूटिंग करायला उभं करून त्याने पहिला दणका घातला. भिंत होती दगडाची, दीड हात जाडीची. तिला काही झालं नाही. अजिनाथ मात्र खांद्यापासून टाचेपर्यंत थरथरला आणि संध्याकाळी त्याला चहाचा कप धरता येईना.

शेवटी गवंडी आला. त्याने आधी वर टेकू लावले, मग लोखंडी गर्डर मागवला, मग भिंत काढली. धूळ इतकी उडाली की शेजारणीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया चॉकलेटी झाल्या! तिने जे काही सुनावलं ते अर्धं तेलुगूत होतं म्हणून बरं. टीव्हीवर जाहिरातीत गायब होणारा राडारोडा इथे महिनाभर दारातच बसून राहिला. पाणी चार दिवसांआड, त्यामुळे प्लास्टरवर मारायला पाणी नाही. आणि धुळाप्पा दर आठवड्याला होटगीहून पाहणीला हजर!

"ह्यो गर्डर कितीचा?"

अजिनाथने भीत भीत आकडा सांगितला.

"म्हंजे दोन मेंढ्या," धुळाप्पा वर बघत म्हणाले. "आन ही काचंची खिडकी?"

"मामा, ती मोठी खिडकी म्हणजे घराचा श्वास आहे."

"एक मेंढी आन एक कोकरू." त्यांनी उसासा सोडला. "श्वास लई महाग हाय."

एवढं होऊन घर मात्र देखणं झालं, हे कबूल करायला हवं. पुढच्या दारापासून मागच्या ओट्यापर्यंत एकच लांबरुंद हॉल! अजिनाथ कमरेवर हात ठेवून दिवसातून दहा वेळा तो बघायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा.

गिऱ्हाइकं मात्र दारातच थबकायची. एजंट चनबसप्पा एकामागून एक कुटुंब आणत होता आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "किचनची भिंत कुठंय?"

"हे ओपन किचन आहे!" अजिनाथ छाती फुगवून सांगायचा.

"म्हणजे तळणाचा वास पाहुण्यांना आधी आणि भजी नंतर?" एक बाई म्हणाल्या.

"सून कांदा चिरणार आणि सासरा रडणार!" असं म्हणून एक आजोबा आल्या पावली परत गेले.

"सर, तेवढी भिंत परत बांधा," चनबसप्पा कळवळून म्हणाला. "आठ दिवसांत विकून देतो."

पण भिंत बांधायला पैसे कुठले? विकलेल्या मेंढ्यांचे पैसे संपले होते. दिवाळी तोंडावर आली. अजिनाथला आता रात्री झोप लागेना. डोळा लागलाच तर तो हातात काठी घेऊन होटगीच्या माळावर उभा असायचा आणि ऑफिसातले साहेब दुरून टाटा करायचे. घाबरला होता बिचारा, मनापासून घाबरला होता.

अशा वेळी पुन्हा टीव्हीच धावून आला. त्यात घर सजवून 'ओपन हाऊस' ठेवतात, लोक येतात, बघतात, बोली लावतात. अजिनाथने लगेच दाराला झेंडूचं तोरण बांधलं, उंबऱ्याबाहेर रांगोळी काढून घेतली, प्रियंकाला पैठणी नेसवली, स्वतः नवा कुर्ता घातला. दोघांचा दारात फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकला: "रविवारी आमचं घर बघायला सर्वांनी अवश्य यावे!"

आता तोरण, रांगोळी, पैठणी आणि दारात जोडीने उभे नवरा-बायको, हे बघून आपल्याकडे कोणाला काय वाटतं, हे टीव्हीवाल्यांनी त्याला सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. आतून पातेली उतरली, सरपण उतरलं, पाठोपाठ सासूबाई केराबाई आणि पाच-सहा बायका उतरल्या. सगळ्यात शेवटी लालबुंद चेहऱ्याने धुळाप्पा.

"मामी, हे काय?" अजिनाथ किंचाळला.

"काय म्हंजे? वास्तुशांतीचं आवतण तुमीच धाडलंय की अख्ख्या होटगीला! मानसं निघाल्यात आहेर घिऊन!"

"अहो वास्तुशांती नाही! घर विकायचंय!"

"ते मला ठाव हाय, गावाला ठाव न्हाय!" धुळाप्पा कडाडले. "दारात आलेलं मानूस उपाशी धाडू? धुळाप्पाच्या जावयानं बोलावलं आन फरशी चाटाय लावली, असं म्हणत्याल लोकं! व्हा बाजूला."

अर्ध्या तासात त्या चकाचक फरशीवर तीन विटांच्या चुली पेटल्या. एकीवर हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, एकीवर आमटी, तिसरीवर भात. परदेशी थाटाच्या ओट्यावर बायका पाय सोडून लसूण सोलू लागल्या. माणसांचे लोंढे यायला लागले. कुणी टॉवेल-टोपी देत होतं, कुणी स्टीलची घागर. अजिनाथच्या डोक्यावर एकावर एक सात टोप्या चढल्या!

आणि नेमका अकरा वाजता चनबसप्पा एका बँक मॅनेजर जोडप्याला घेऊन आला. शेवटचं, खात्रीचं गिऱ्हाईक! मॅडमनी दारातून आत पाहिलं. धूर, चुली, पंगत, आणि सात टोप्या घातलेला घरमालक.

"आपण नंतर येऊ हं," त्या म्हणाल्या, आणि जिना असता तर त्यावरून उड्या मारत गेल्या असत्या, इतक्या घाईने गेल्या. चनबसप्पा मटकन खाली बसला. बसल्यावर त्याच्यापुढे पत्रावळ आली, मग तो जेवायला लागला.

अजिनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं म्हणावं तर मोठ्या खिडकीतून धूर भराभरा बाहेर जात होता. "संपलं सगळं," तो प्रियंकाला म्हणाला. "उद्या राजीनामा देतो."

"आधी आमटी वाढा," ती म्हणाली. "तिसरी पंगत बसलीय."

तेवढ्यात दारात दोन टोपल्या घेऊन एक बाई आली. ही मूळची दुधनीची बसव्वा. चारच गल्ल्यांपलीकडे भाड्याच्या खोलीत ती कडक भाकरीचा धंदा करायची. भाकरी करायला हात कमी पडले म्हणून केराबाईंनी तिच्याकडून मागवल्या होत्या. टोपल्या ठेवायला ती आत आली आणि उभीच राहिली. वर गर्डर बघितला, खिडकी बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

"भाळ चलो ऐत री!" ती कानडीत ओरडली. "लई झकास हाय! अक्का, हे घर कुणाचं?"

अजिनाथने घाबरून हात वर केला.

"अण्णा, दोन वर्षं झाली जागा बघतीया मी! माज्याकडं बारा बाया हायत. ज्या घरात जावं तितं किचन एवढंसं! दोघी भाकरी थापायला बसल्या की तिसरी दारात. हितं बाराच्या बारा एका ओळीत बसतील, धूर खिडकीतनं जाईल, आन गिऱ्हाईक ह्या दारातनं भाकरी नेईल. मधी भिंत न्हाय ते लई शानपण केलंसा! इकायचं हाय का?"

चनबसप्पा तोंडातला घास गिळून ताडकन उठला आणि उष्ट्या हातानेच म्हणाला, "हाय की! बसा, बोलू!"

धनत्रयोदशीच्या आत खरेदीखत झालं. धुळाप्पांची मेंढरं परत आली, निघाली होती त्यापेक्षा जास्तच आली. भरल्या पारावर त्यांनी जावयाला फेटा बांधला, खांद्यावर घोंगडी टाकली आणि ठणकावून सांगितलं, "आमच्या जावईबापूला समदं आधीच दिसतं! भिंत पाडताना मी त्यास्नी येडा म्हटलो हुतो, चुकी माजी!" अजिनाथचे पाय त्या दिवशी जमिनीला लागत नव्हते. ऑफिसात चहावाल्यालासुद्धा त्याने भिंती कुठे असाव्यात यावर दोन शब्द ऐकवले.

दिवाळी झाली आणि चनबसप्पाचा फोन आला. अजिनाथने स्पीकर चालू केला, प्रियंकाला जवळ बोलावलं, घसा साफ केला.

"सर, माझ्याकडे तीन फ्लॅट पडून आहेत, काही केल्या विकले जात नाहीत. तुमची मदत पाहिजे."

"बोला ना!" अजिनाथ उठून उभा राहिला. "कोणती भिंत पाडायची?"

"भिंतीला हात लावू नका, सर! तुमच्या सासूबाई रविवारी मोकळ्या आहेत का, तेवढं विचारा. आमटी तीच पाहिजे." चनबसप्पाने हळूच पुढे जोडलं. "आणि तुम्हीपण या की. वाढायला माणूस लागतंय."