नामदेवरावांचा शिंगटा

एकोणऐंशीच्या मे महिन्यात सक्करदऱ्याचे नामदेवराव मेश्राम यांनी घरातला एकुलता एक कूलर माशाच्या टाकीकडे वळवला. त्याच खोलीत त्यांच्या पत्नी गोदाबाई पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या होत्या. मी शेजारी, हे पाहिलेले लिहितो आहे.

"पाणी तापलं का त्याले दम लागते गा," नामदेवरावांनी मला समजावले. "आपुन अंगणात तरी जाऊन बसतो."

"मी बी मिशा वाढवतो," गोदाबाई म्हणाल्या. "मंग लागन मले हवा."

मासा शिंगटा होता. हातभर लांब, लांब मिशांचा, अंगावर खवले नाहीत, तोंडात मावेल ते गिळणारा. मी एकदा त्याला सोबत म्हणून दोन सोनेरी मासे नेऊन दिले. सकाळी ते नव्हते. नामदेवराव माझ्यावर चिडले. माझे मासे गेले म्हणून नव्हे, याच्या घशात अडकले असते तर, म्हणून.

त्याला आठवड्यातून तीनदा गांडुळे किंवा झिंगे मिळत. मटणाची चरबी वर्ज्य. नळाचे पाणी दोन दिवस ड्रममध्ये ठेवून, औषधाचा वास गेल्यावरच टाकीत जाई, तेही चौथा हिस्सा. नळ आला की आधी ते ड्रम भरत, मग घरचा माठ. पाहुण्यांनी पाणी मागितले तर गोदाबाई म्हणत, "थांबा, साहेबाचं भरू द्या."

हा मासा त्यांच्या मुलाने, अशोकने, मॅट्रिकला असताना तलावातून डालड्याच्या डब्यात आणला होता. तेव्हा तो बोटाएवढा होता. सत्तर साली अशोक नोकरीला पुण्याला गेला. पहिल्या पत्रात वडिलांसाठी एकच ओळ होती: माझ्या माशाकडे लक्ष ठेवा. त्याच आठवड्यात नामदेवरावांनी नळाचे ताजे पाणी ओतले आणि मासा आडवा झाला. ते ऑफिसला गेले नाहीत. दिवसभर तांब्याने टाकीतले पाणी उचलून उंचावरून परत सोडत बसले. मासा जगला. पुढची पत्रे आखूड होत गेली. लग्नही अशोकने तिकडेच केले.

एकोणऐंशीच्या त्या मे महिन्याच्या शेवटी अशोक आला. नामदेवरावांनी काच पुसून ठेवली होती. दुपारी जेवणानंतर तो टाकीपुढे उभा राहिला. मी तिथेच होतो.

"बराच मोठा आहे हो, बाबा. हा कधी आणला?"

गोदाबाई काही बोलणार होत्या. नामदेवरावांनी त्यांच्याकडे पाहिले.

"असाच," ते म्हणाले. "रिटायर झालो, तं टाइमपास."

ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते.

तिसऱ्या दिवशी अशोक परत गेला. स्टेशनवर आम्ही दोघे गेलो होतो. गाडी हलेपर्यंत नामदेवराव खिडकीशी उभे होते. पुण्याचे पाणी कसे आहे, पोटाला मानवते का, एवढेच त्यांनी दोनदा विचारले.