काटेरावांचं घरगुती सोलर

एका जंगलात, मुलांनो, ऊन फुकट होतं.

पाणी फुकट नव्हतं. पाणवठ्यावर मगर बसायची आणि ती काय घ्यायची ते विचारू नका. सावलीही फुकट नव्हती, कारण चांगल्या सावल्या सिंहमहाराजांच्या मेव्हण्यांनी आधीच अडवून ठेवल्या होत्या. विजेचं तर नावच काढू नका. वीज दरबारातून यायची आणि दर महिन्याला एक वानर बिल घेऊन यायचं. कधी कधी वीज यायची नाही, पण वानर यायचंच. ऊन मात्र सगळ्यांना सारखं, हवं तेवढं, डोकं दुखेपर्यंत.

या जंगलात काटेराव नावाचे एक साळींदर राहायचे. साळींदर माहीत आहे ना? त्याच्या पाठीवर वीतवीतभर काटे असतात. बिबट्या आला की ते पाठ फिरवतं, काटे फुलवतं, सळसळ वाजवतं आणि उलट्या पावली धावत जाऊन त्याच्या अंगात काटे खुपसतं. साळींदर काटे बाणासारखे फेकतं असं तुमचे काका सांगत असतील, तर त्यांना चारचौघांत खोटं पाडू नका. काकांना वाईट वाटतं.

काटेराव फार स्वावलंबी होते. मिक्सर बिघडला तर दुकानात न्यायचे नाहीत, स्वतः उघडायचे. मग तो उघडाच राहायचा. त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी, पाटा-वरवंटा कधी माळ्यावर टाकलाच नव्हता.

एके दिवशी वानरानं बिल टाकलं. सातशे तीस रुपये! घरात दिवा एक, पंखा एक. काटेराव तावातावानं बिळाबाहेर आले आणि त्यांनी वर पाहिलं. डोक्यावर सूर्य होता, नुसता बसून.

"साळू," ते म्हणाले, "आपण सोलर करायचं."

"आणायचं ना?"

"आणायचं नाही. करायचं. घरी."

साळूबाईंनी वरवंटा खाली ठेवला आणि देवाचं नाव घेतलं.

तयार पॅनल तरसशेठच्या दुकानात साडेचार हजाराला होतं. काटेरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं, नखानं वाजवलं आणि विचारलं, "पण यात आहे काय एवढं?" मुलांनो, गिऱ्हाईक असं विचारायला लागलं की दुकानदार मनात हसतो. त्याला कळतं की हे आता सुटे भाग नेणार आणि चार वेळा परत येणार. तरस तर काय, तोंडावरच हसलं.

काटेरावांनी छत्तीस सेल घेतले, तेही कटपीसमधले. सेल म्हणजे पॅनलमधले ते निळे चौकोन, पापडाहून पातळ. घरी येईस्तोवर पाच मोडले. पुन्हा जाऊन पाच आणले, त्यातले दोन मोडले, मग आणखी दोन आणले. मग काच, तार, डाग द्यायला कथील, जुनी बॅटरी. उरली फक्त चौकट.

"चौकटीचे पाचशे," शेठ म्हणाला.

"चौकट मी घरची लावीन."

"घरची कुठली?"

काटेरावांनी पाठीवरून एक काटा उपटला आणि शेठच्या नाकासमोर धरला. सरळ, टणक, वजनाला हलका. गंजायची भीती नाही. "याला काय पैसे पडतात? घरचंच आहे."

आता हा शब्द नीट ऐका, कारण तुमच्याही घरात तो दिवसातून दहा वेळा वापरतात. 'घरचं' म्हणजे फुकट नव्हे. 'घरचं' म्हणजे ज्याची किंमत कोणी विचारत नाही ते.

चौकटीला चाळीस काटे लागले. पॅनल दक्षिणेकडे कलतं ठेवायला तिवई हवी होती, तिला बावीस. डाग देताना तार दाबून धरायला घेतलेला एक-एक काटा जळत गेला. मग काचेच्या कडा बंद करायला काटेरावांनी बाभळीचा डिंक लावला. डिंकही घरचाच, म्हणजे दारातल्या बाभळीचा. पहाटेच्या दवानं तो विरघळला, पाणी आत शिरलं आणि सगळं उचकटून पुन्हा करावं लागलं. पुन्हा काटे गेले. मागून पाहिलं तर काटेराव उकडलेल्या बटाट्यासारखे दिसायला लागले.

"अहो, पाठ बघितलीत का आपली?" साळूबाई म्हणाल्या. "उद्या बिबट्या आला तर त्याला काय दाखवाल? सोलर?"

"काटे परत येतात गं."

"येतात. महिने जातात त्याला. बिबट्या तोवर दम धरणार आहे का?"

"तू हिशोब बघ. चौकटीचे पाचशे वाचले, तिवईचे तीनशे वाचले."

"आणि तुम्ही?"

यावर काटेराव हसले. त्यांना तो विनोद वाटला. पण साळूबाईंना खरोखर भीती वाटत होती. गेल्या थंडीत ओढ्यापलीकडचं साळींदर बिबट्यानं नेलं होतं, आणि त्याच्या पाठीवर तर एकूण एक काटा शाबूत होता. म्हणून काटेराव बिळावरच्या खडकावर पॅनलचं काम करायला चढले की साळूबाई हातातलं टाकून बिळाच्या तोंडाशी येऊन बसायच्या. भाजी करपायची. मग काटेराव जेवताना म्हणायचे, "हल्ली तुझं लक्ष कुठे असतं?"

तीन महिन्यांनी पॅनल तयार झालं. काटेरावांनी बटण दाबलं आणि पंखा फिरला. आधी जरा कुरकुरला, मग छान फिरला. काटेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. चेष्टा करायची माझी खोड आहे, पण इथे मी चेष्टा करणार नाही. आपल्या हातानं केलेला पंखा फिरला की कोणालाही भरून येतं. साळूबाई पंख्याखाली घटकाभर डोळे मिटून बसल्या आणि "बरं वाटतंय" म्हणाल्या.

मग बघायला जंगल लोटलं. ससे आले, मोर आले, भेकरांचं अख्खं कुटुंब आलं. काटेराव भर दुपारी दिवा लावून दाखवायचे.

"किती पडले?" प्रत्येक जण विचारायचा.

"तेवीसशे चाळीस!"

"काय सांगता!"

"तेवीसशे चाळीस. मजुरी शून्य."

आणि आतून साळूबाई चहा आणायच्या. दिवसाला वीस-बावीस कप. दूध, साखर, आलं, भांडी. तेवीसशे चाळिसात हे कुठेच नव्हतं. वानर मात्र महिना भरताच हजर. वीज जवळजवळ वापरलीच नव्हती, म्हणून बिल आलं होतं दोनशे दहा रुपयांचं. त्यावर लिहिलं होतं 'स्थिर आकार'. "हा कशाचा आकार?" काटेरावांनी विचारलं. "हा मी येण्याचा," वानर म्हणालं आणि चहा पिऊन गेलं.

एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर काटेराव खडकावर चढून ओल्या फडक्यानं काच पुसत होते. साळूबाई खाली तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मागच्या करवंदीच्या जाळीतून बिबट्या बाहेर आला.

काटेरावांनी त्याला पाहिलं आणि सवयीनं पाठ फिरवली. काटे फुलवले. अंग झटकलं. आवाज आला नाही, कारण वाजायला काही शिल्लकच नव्हतं.

बिबट्या थबकला. साळींदराची एवढी गुळगुळीत पाठ त्यानं जन्मात पाहिली नव्हती. यात काही डाव असावा, असं त्याला वाटलं. म्हणून त्यानं जरा वेळ काढला.

"हे काय आहे?" त्यानं पॅनलकडे पाहून विचारलं.

झालं! काटेराव भीती विसरले. मृत्यू समोर उभा असला तरी त्यानं 'हे काय आहे' असं विचारलं, तर सांगायला नको का?

"हे ना, घरी केलंय!" ते म्हणाले. बिबट्याकडे तशीच पाठ, तोंड पॅनलकडे, एक पंजा काचेवर. "आता बघा, एका सेलमधून येतो अर्धा व्होल्ट. असे छत्तीस घ्यायचे. समांतर नाही हं जोडायचे, तिथेच लोक चुकतात, एकापुढे एक जोडायचे. आता चौकट. बाजारात चौकटीचे पाचशे घेतात, शुद्ध लूट आहे."

बिबट्याची खात्री पटली की यात डाव नाही. तो दोन पावलं पुढे सरकला. त्यानं पंजा उचलला.

साळूबाईंच्या मांडीवरच्या शेंगा केव्हाच सांडल्या होत्या. खडकाची चढण मोठी, त्यांचं वय झालेलं, गुडघे दुखणारे. त्यांनी पाठ फिरवली, सगळे काटे फुलवले आणि उलट्या पावली, काही दिसत नसताना, नुसत्या अंदाजानं त्या वर धावत सुटल्या.

"एकंदर खर्च किती, विचारा!" काटेराव पॅनलला सांगत होते. "सांगू? तेवीसशे चाळीस!"

त्याच क्षणी साळूबाई बिबट्यावर आदळल्या. त्यानं अशी किंकाळी फोडली की झाडावरची वटवाघळं उडाली. ओठात दोन, मांडीत सात, आणि कुठे कुठे ते मुलांना सांगण्यासारखं नाही. तो लंगडत, ओरडत जाळीत घुसला आणि दिसेनासा झाला.

"सगळे असेच ओरडतात आकडा ऐकून," काटेराव म्हणाले आणि वळले. "अरे, गेला? मी बॅटरीवर आलोच नव्हतो अजून."

साळूबाई खडकाला टेकून उभ्या होत्या. त्यांना धाप लागली होती. रडू येत होतं, पण रडायलाही श्वास लागतो.

"घाईनं गेला बघ," काटेराव म्हणाले. "सामान आणायलाच गेला असणार. आता तोही घरी करणार."

मग त्यांचं लक्ष जमिनीकडे गेलं. तिथे झटापटीत गळलेले काटे पडले होते. काटेरावांनी ते एकेक करून उचलले, फडक्यानं पुसले, उजेडात धरून सरळ आहेत का पाहिले. नऊ भरले.

"दुसऱ्या पॅनलला चांगले आहेत," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच बायकोच्या पाठीकडे नीट निरखून पाहू लागले. "साळू, तुझ्याकडे अजून किती आहेत गं?"

तात्पर्य: मुलांनो, स्वावलंबी व्हा. पण त्याआधी लग्न करा.